घरचा आकडा आणि क्लबचा आकडा

पुण्या-मुंबईतल्या नव्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये आता कॅरम आणि टेबल टेनिसच्या शेजारी पूलचं टेबलही दिसतं. काही हौशी मंडळींनी तर ते घरीच आणलं आहे. रात्री जेवणं झाली की अर्धा-पाऊण तास एकट्यानं बॉल मारत राहायचं, हा अनेकांचा छंद झाला आहे. हात बसू लागतो, लांबचे बॉल पॉकेटमध्ये जाऊ लागतात आणि मनात प्रश्न येतो की आपण नेमके किती चांगले खेळतो? मग एखाद्या शनिवारी क्लबात जाऊन चार जणांसमोर खेळायची वेळ येते आणि घरी डोळे मिटून जाणारे बॉल तिथे कुशनवर आपटून परत येतात. काहीजण त्या एका संध्याकाळीच क्यू खाली ठेवतात. घरचा अंदाज खोटा होता की क्लबातला, हे तपासून पाहायचं त्यांच्या मनातही येत नाही.

स्वतःबद्दलचा अंदाज चुकतो, याला मोठा पुरावा आहे. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांचे गुण तळाच्या चौथाईत होते, त्यांची खरी जागा सरासरी बाराव्या शतमकावर होती. त्यांना स्वतःला मात्र आपण बासष्टाव्यावर आहोत असं वाटत होतं. या निष्कर्षाचा काही भाग निव्वळ संख्याशास्त्राची करामत आहे, अशी टीका पुढे झाली आणि तिच्यात तथ्य आहे. तरी मूळ मुद्दा टिकतो. आपण कसे खेळतो हे वाटण्यावर सोडू नये, मोजावं. पूलमध्ये तर हे फारच खरं आहे, कारण लक्षात राहतो तो सुंदर गेलेला बॉल. तीन वेळा हुकलेला सोपा बॉल आपण ‘जरा घाई झाली’ म्हणून विसरून जातो.

मोजण्याआधी टेबलाकडे पाहायला हवं. स्पर्धेच्या नऊ फुटी टेबलावर खेळायची जागा 100 बाय 50 इंच असते, तर सात फुटी टेबलावर साधारण 78 बाय 39 इंच. बॉलचा व्यास 57 मिलिमीटर आणि कोपऱ्यातलं पॉकेट सुमारे 114 मिलिमीटर, म्हणजे बॉलच्या दुप्पट. ऐकायला हे ऐसपैस वाटतं. आता पांढरा बॉल, मारायचा बॉल आणि पॉकेट एका सरळ रेषेत आहेत आणि दोन्ही अंतरं एक-एक मीटर आहेत असं धरा. बॉलची दिशा दोन्ही बाजूंना जेमतेम दीड अंशानं चुकली तरी चालते. पण पांढऱ्या बॉलच्या दिशेतली चूक टक्कर होताना इथे सोळा-सतरा पटींनी मोठी होते. म्हणजे क्यू एका अंशाच्या दहाव्या भागाइतकाच चुकायची मुभा आहे. दोन्ही अंतरं अर्ध्यावर आणली की ही मुभा चौपट होते. पॉकेट अर्ध्या इंचानं रुंद असेल तर ती आणखी वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढते. घरासाठीची टेबलं बहुधा लहान असतात आणि त्यांची पॉकेटं अनेकदा सैल असतात. त्यामुळे घरचा आकडा फुगतो, त्यात खेळणाऱ्याचा काही दोष नाही.

उलटही होतं. क्यूची लांबी 58 इंचांच्या आसपास असते. सात फुटी टेबलाभोवती मोकळेपणानं खेळायला साधारण 16 बाय 13 फुटांची खोली लागते. मुंबईतल्या हॉलचं माप सांगायला नको. भिंतीपाशी क्यू उभा धरून मारलेले फटके हिशेबातून वगळलेलेच बरे.

एकट्यानं मोजायची माझ्या मते सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे भुताशी खेळणं. जगभरचे पूलपटू तिला ‘घोस्ट’ म्हणतात. नऊ बॉल मांडून फोडायचे. मग पांढरा बॉल हवा तिथे ठेवून एक ते नऊ क्रमानं पॉट करायचे. एकदा हुकलात की ती रॅक भुताची. या भुताला नशीब नाही, दमणं नाही आणि दयाही नाही, म्हणूनच ते उत्तम मोजपट्टी ठरतं. नवख्या माणसाला नऊ बॉलचं भूत कधीच हरवता येणार नाही. त्यानं तीन बॉल टेबलावर पसरून सुरुवात करावी. तीनचं भूत निम्म्याहून जास्त वेळा हरू लागलं की चार, मग पाच.

निम्म्या वेळा जिंकणं या खुणेला अर्थ आहे. तीन बॉलचं भूत निम्म्या वेळा हरत असेल तर तुमचा एकेक फटका अंदाजे 79 टक्के वेळा यशस्वी होतो. पाच बॉलसाठी हा आकडा 87 आणि नऊ बॉलसाठी 93 होतो. हा निव्वळ गुणाकार आहे. दर फटक्याला 80 टक्के यश असेल तर नऊच्या नऊ बॉल सलग जाण्याची शक्यता 13 टक्के. 90 टक्के असेल तर 39, आणि 95 टक्के असेल तर 63. फटक्यागणिक सुधारणा डोळ्यांना दिसतही नाही, पण रॅकच्या निकालात ती ठसठशीत उमटते. म्हणून महिनोन्महिने ‘काहीच सुधारणा नाही’ असं वाटत असताना अचानक माणूस रॅक संपवू लागतो. खरं तर अचानक काही झालेलं नसतं.

भुताचा एक तोटा आहे. पहिल्या बॉलवर हुकलात काय आणि आठव्यावर काय, रॅक गेलीच. ज्यांना बॉलनिहाय गुण हवेत त्यांच्यासाठी अमेरिकी खेळाडू अ‍ॅलन हॉपकिन्सच्या नावाची चाचणी आहे. पंधरा बॉल फोडायचे, पांढरा बॉल हवा तिथून सुरू करायचा. पहिले दहा बॉल कोणत्याही क्रमानं पॉट करायचे, प्रत्येकी एक गुण. उरलेले पाच मात्र आकड्यांच्या क्रमानं, प्रत्येकी दोन गुण. हुकलं की रॅक संपली. अशा दहा रॅक, एकूण 200 गुण.

आकडा हाती आला की लगेच त्यावर विश्वास ठेवू नका. एखादा ठरावीक फटका दहापैकी सात वेळा साधला, तर तुमचं खरं प्रमाण 70 टक्के असेलच असं नाही. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबानं ते 40 ते 89 टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. शंभरपैकी सत्तर साधले तर हाच पट्टा 60 ते 78 इतका अरुंद होतो. काल सहा, आज आठ, म्हणून नवा क्यू लाभला असं ठरवण्यात अर्थ नाही. एक वही ठेवा, तारीख घाला आणि चार आठवड्यांची बेरीज पाहा.

सराव आणि परीक्षा यांची गल्लत ही आणखी एक फसवी जागा. एकच फटका एकाच जागेवरून वीसदा मारला की शेवटचे दहा झकास जातात. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी 1979 साली हाताच्या हालचालींवर प्रयोग केला होता. एकच हालचाल सलग घोटणाऱ्यांची कामगिरी सरावाच्या वेळी चांगली दिसली, पण नंतरच्या परीक्षेत हालचालींची सरमिसळ करून शिकलेले पुढे निघाले. म्हणून वहीत लिहायचा तो दिवसातला पहिला प्रयत्न, हात तापण्याआधीचा. क्लबात तुम्हाला तो फटका एकदाच मिळणार असतो.

आता त्या शनिवारच्या फजितीकडे वळू. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या पूल हॉलमध्ये जेम्स मायकल्स आणि सहकाऱ्यांनी खेळणाऱ्यांच्या नकळत त्यांचे फटके मोजले आणि मग चौघे जण टेबलाशी येऊन पाहत उभे राहिले. 1982 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चांगल्या खेळाडूंचं यश 71 टक्क्यांवरून 80 वर गेलं, कच्च्या खेळाडूंचं 36 वरून 25 वर घसरलं. अभ्यास छोटा होता, त्यामुळे टक्केवारी दगडावरची रेघ मानू नये. पण घरी आणि क्लबात पडणाऱ्या फरकाची दिशाच काही सांगून जाते. लोकांसमोर खेळ ढासळत असेल तर बहुधा फटका अजून अंगवळणी पडलेला नाही. अशा वेळी घरीच मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेवून किंवा कुणाला तरी समोर बसवून भुताशी खेळावं आणि तो आकडा वेगळा लिहावा.

चाळिशीनंतर आकडा हळूहळू उतरू लागला तर हाताआधी डोळे तपासून घ्या. पूलमध्ये हनुवटी क्यूजवळ आणून खालून वर पाहावं लागतं. नजर चष्म्याच्या वरच्या कडेतून जाते आणि तिथे फ्रेम आडवी येते. 1985 साली शेवटच्या काळ्या बॉलवर स्टीव्ह डेव्हिसला हरवून स्नूकरचा विश्वविजेता झालेला डेनिस टेलर मोठ्ठ्या, उंच काचांचा खास चष्मा लावायचा. लोक हसायचे, पण त्याला बॉल दिसायचा. चष्मेवाल्याकडे जाताना टेबलावर वाकून कसं पाहता हे प्रत्यक्ष करून दाखवा. वाकल्यावर पाठ किंवा मान दुखत असेल तर तेही वहीत लिहा, कारण दुखरी पाठ फटका लवकर सोडायला लावते.

एकट्याच्या सरावात न मोजता येणारा भाग उरतोच. बॉल पॉट होण्यासारखा नसेल तेव्हा पांढरा बॉल समोरच्याची अडचण होईल असा लपवून ठेवणं, याला सेफ्टी म्हणतात. भुतासमोर तिचा काही उपयोग नाही. कॅरममध्ये समोरच्याची सोंगटी अडवून ठेवणारे काका अचूक मारणाऱ्या पोरांना का हरवतात, ते आठवा. म्हणूनच खेळाडूंची प्रतवारी करणारी फार्गोरेटसारखी पद्धत फक्त प्रत्यक्ष सामने मोजते. तिच्यात दोघांमध्ये 100 गुणांचा फरक असेल तर वरचा खेळाडू दर तीन रॅकपैकी साधारण दोन जिंकेल असं मानतात, आणि दोनशे रॅकची नोंद होईपर्यंत कुणाचाही आकडा पक्का धरत नाहीत.