दुसरी गोळी जादा नाही

"एका गोळीत भागतंय की, दोन कशाला?" मलकापूर-बांबवड्याकडं हे ऐकलं की चीड येते. लघवीला आग होऊन पू जायला लागला की आधी 'उन्हाळी लागली' म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी. ते संपलं की चिठ्ठीशिवाय आणलेली अ‍ॅझिथ्रोमायसिनची एकच गोळी. दोन दिवसांत आग थांबते, आणि माणूस सगळ्यांना सांगत सुटतो, एकाच गोळीत काम झालं.

ही उन्हाळी नव्हे, बहुतेकदा परमा, म्हणजे गनोरिया असतो. त्याचा जिवाणू औषधं पचवण्यात पटाईत आहे. 1930च्या दशकात आलेल्या सल्फा औषधांना तो काही वर्षांतच जुमानेनासा झाला. पेनिसिलिनचाच फडशा पाडणारे जिवाणू 1976 मध्ये सापडले. पुढं सिप्रोफ्लॉक्सासिनही हातचं गेलं.

म्हणून दोन औषधं. सिफिक्झिम जिवाणूची भिंत बांधू देत नाही, अ‍ॅझिथ्रोमायसिन त्याची प्रथिनं तयार होऊ देत नाही. एकातून निसटला तर दुसऱ्यात सापडतो. एकाच वेळी दोघांनाही दाद न देणारा जिवाणू निपजणं फार अवघड. एकटी गोळी घेतली की कच्चे जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. तेच मग जोडीदाराकडं जातात. शिवाय परम्याबरोबर क्लॅमिडिया हा दुसरा गुप्तरोग अनेकदा लपून असतो, त्याच्यासाठी सिफिक्झिम भरवशाचं नाही. क्षयाची चार औषधं एकत्र घेताना आपण हुज्जत घालत नाही, मग इथंच का?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) राखाडी रंगाच्या किट क्रमांक 1 मध्ये हीच जोडी आहे: सिफिक्झिम 400 मिलिग्रॅम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, एकदाच घ्यायची. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये ती फुकट मिळते.

"ब्रिटन-अमेरिकेत तर एकच औषध देतात," असंही कुणी ऐकवतं. खरं आहे. अमेरिकेनं 2020 मध्ये जोडी सोडली, पण गोळीसाठी नव्हे, तर सेफ्ट्रायक्झोनच्या 500 मिलिग्रॅमच्या इंजेक्शनसाठी. क्लॅमिडिया नाही याची खात्री नसेल तर तिथंही सोबत सात दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद न देणारे जिवाणू वाढले, हे जोडी सोडण्याचं एक मोठं कारण. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या एका रुग्णात सेफ्ट्रायक्झोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्हींना दाद न देणारा जिवाणू सापडला. अखेर त्याला शिरेतून अर्टापेनेम द्यावं लागलं. यातून 'एकटी अ‍ॅझिथ्रो पुरते' असा अर्थ काढायचा म्हणजे हद्द झाली.

आग थांबली म्हणजे बरा झालो? नाही, जिवाणू शिल्लक असू शकतात.

बायकोला त्रास नाही म्हणजे लागण नाही? बायकांमध्ये बऱ्याचदा लक्षणंच दिसत नाहीत आणि पुढं वंध्यत्व येऊ शकतं. उपचार दोघांनी घ्यायचे, आणि त्यानंतर सात दिवस संबंध टाळायचे.

सगळ्याच गुप्तरोगांना जोडी लागते? सिफिलिसवर एकटं पेनिसिलिन आजही चालतं, आणि नागिणीसारखे फोड येणाऱ्या जननेंद्रियावरच्या हर्पिसवर यातलं काहीच चालत नाही.

आठवड्यानंतरही पू जात असेल तर तिसरी गोळी विकत आणू नका. पुन्हा डॉक्टरांकडं जा आणि पुवाची कल्चर तपासणी करायला सांगा.