सुदानची कास्कारा

सुमारे एक मीटर लांबीची, सरळ, दुधारी आणि मुठीशी हाताच्या रक्षणार्थ आडवी दांडी असलेली सुदानची कास्कारा ही तलवार प्रामुख्याने सपासप वार करण्यासाठी घडविलेली असून तिची कित्येक पाती जर्मनीतील सोलिंगेनहून येत. ढाल व भाला यांच्या जोडीने, दरीच्या आडोशाने शत्रूशी अकस्मात भिडता आले, तर अशी शस्त्रे किती भयंकर ठरत, याची साक्ष १३ मार्च १८८४ रोजी सुदानमधील तमाई येथे हदेंदोवा जमातीच्या योद्ध्यांनी फोडलेला इंग्रज फौजेचा चौकोनी व्यूह देतो. उलट २ सप्टेंबर १८९८ रोजी ओमदुरमानच्या उघड्या मैदानात इंग्रजांच्या मॅक्सिम मशीनगनच्या माऱ्यापुढे शत्रूपर्यंतचे अंतर कापणेच अशक्य झाले आणि हजारो सुदानी वीर धारातीर्थी पडले. तात्पर्य, पराभव झाला तो अंतरामुळे. तलवार आपल्या कामात निःसंशय समर्थ होती.