बोलकी पाटी

वर्गात अपूर्णांकांची बेरीज चालली आहे. गुरुजींनी फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखविले आणि वर्गाकडे वळून विचारले, "समजले का?" चाळीस मुखांतून एकच उत्तर आले, "हो, गुरुजी!" गुरुजींना समाधान वाटले आणि त्यांनी पुढील उदाहरण घेतले. परंतु त्या चाळिसांत शेवटच्या बाकावर एक मुलगा असा होता, की त्याला काहीच समजले नव्हते. समच्छेद करणे दूरच राहो, छेद म्हणजे काय हेच त्याला चौथीपासून उमगले नव्हते. तरीही त्याने सर्वांच्या आवाजात आपला आवाज मिसळला. कारण 'नाही' म्हणण्याची त्याला लाज वाटत होती. मी स्वतः कित्येक वर्षे वर्गाला हाच प्रश्न विचारला आणि आलेल्या होकारावर विश्वास ठेवला. त्या होकारांत किती नकार दडलेले असतील, याचा विचार आज मनाला अस्वस्थ करतो.

असा विद्यार्थी बुद्धीने कमी असतो असे मुळीच नाही. जिन्याची एक पायरी निसटली, की वरच्या पायऱ्या कितीही भक्कम असल्या तरी त्यांच्यापर्यंत पाय पोहोचत नाही. वर्ग पुढे जातो, मूल मागे राहते आणि वर्षागणिक हे अंतर वाढतच जाते. प्रत्येकाची निसटलेली पायरी नेमकी कोणती, हे शोधणार कोण? एका शिक्षकाने चाळीस मुलांची प्रत्येक चूक त्याच क्षणी पाहणे अवघड असते.

हीच अडचण १९५३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या ध्यानात आली. ते आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास पाहावयास गेले होते. तेथे त्यांना दोन उणिवा दिसल्या. आपले उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना लगेच कळत नव्हते. आणि ज्याचे गणित झाले तो व ज्याचे अडले तो, अशा दोघांनाही एकाच गतीने चालावे लागत होते. स्किनर यांनी घरी येऊन एक पेटी तयार करण्यास आरंभ केला. पेटीच्या खिडकीत एक उदाहरण दिसे. विद्यार्थ्याने अंक सरकवून उत्तर जुळवावे आणि मूठ फिरवावी. उत्तर बरोबर असेल तर मूठ सहज फिरे; चूक असेल तर ती अडून बसे. मग विद्यार्थ्याने पुन्हा विचार करावा आणि पुन्हा उत्तर जुळवावे. १९५४ साली स्किनर यांनी हे अध्यापनयंत्र लोकांपुढे मांडले. ही पाटी मुकी राहिली नाही. ती उत्तर देऊ लागली.

स्किनर यांच्या पेटीला 'चूक' एवढेच सांगता येत असे. आजचा संगणक अथवा टॅब त्याच्या पुढे गेला आहे. समजा, १/२ व १/३ यांची बेरीज एका मुलीने २/५ अशी लिहिली. ही चूक उगीच झालेली नाही. तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला आहे. चांगली आज्ञावली हे उत्तर पाहते आणि त्यामागचा गैरसमज ओळखते. नाडी पाहून वैद्य जसा रोगाचे निदान करतो, तसेच हे होय. मग ती त्या मुलीला भाकरीचे समान तुकडे दाखविते, अर्ध्या भाकरीत सहाचे किती भाग आणि तिसऱ्या हिश्शात किती, हे मोजावयास लावते आणि ५/६ या उत्तराकडे तिचे तिलाच येऊ देते. विद्यार्थ्याने काही करावे, यंत्राने त्याला प्रतिसाद द्यावा आणि त्या प्रतिसादावरून विद्यार्थ्याने पुढचे पाऊल टाकावे, अशा देवाणघेवाणीच्या साधनांना संवादी साधने म्हणतात.

मग अशी यंत्रे मुलांच्या हाती दिली की त्यांची प्रगती होते काय? दोन देशांतील अनुभव या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडतील.

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाच्या शासनाने ग्रामीण भागातील मुलांना लाखो छोटे संगणक वाटले. संशोधकांनी तेथील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास केला. काही शाळांत संगणक दिले होते, काहींत नव्हते. सुमारे पंधरा महिन्यांनी मुलांची परीक्षा घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे गणित व भाषा या विषयांत दोन्हींकडील मुलांत फरक आढळला नाही. तर्कशक्तीच्या काही कसोट्यांत मात्र थोडी सुधारणा दिसली. संगणकाचा वापर वाढला होता, पण शाळेतील अभ्यासाशी त्याची नीट सांगड घातलेली नव्हती. कोणते मूल कोठे अडले आहे, हे त्या संगणकांना कोणी विचारावयास शिकविलेच नव्हते.

दुसरा अनुभव आपल्याच देशाच्या राजधानीतील आहे. २०१५ साली दिल्लीतील सरकारी शाळांच्या ६१९ विद्यार्थ्यांची निवड झाली. त्यांतून चिठ्ठ्या टाकून सुमारे निम्म्यांना शाळेनंतर चालणाऱ्या एका केंद्रात प्रवेश देण्यात आला. चिठ्ठ्या टाकल्या म्हणजे दोन्ही गट सारखेच राहतात आणि पुढे दिसणारा फरक कशामुळे पडला, हे कळते. केंद्रात विद्यार्थी ४५ मिनिटे 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणकीय आज्ञावलीवर अभ्यास करीत आणि ४५ मिनिटे लहान गटात एका साहाय्यकाकडून शिकत. आरंभीच्या चाचणीत असे दिसले, की सहावीतील सर्वसाधारण विद्यार्थी गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे आहे. आज्ञावलीने त्याला सहावीचे गणित दिलेच नाही. तो जेथे अडला होता, तेथून तिने आरंभ केला. साडेचार महिन्यांनंतर केंद्रातील विद्यार्थी गणित व हिंदी या दोन्ही विषयांत इतरांच्या बरेच पुढे गेलेले आढळले. मागे पडलेल्या मुलांनाही याचा लाभ झाला.

मात्र येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या विद्यार्थ्यांचे शाळेच्या परीक्षेतील गणिताचे गुण वाढले नाहीत. यात नवल वाटावयास नको. परीक्षेत प्रश्न सहावीचे होते आणि मूल नुकतेच चौथीची पायरी चढले होते. गुणपत्रिकेत त्याची चढण दिसली नाही, तरी ती खरी होती. शिवाय केंद्रात यंत्राबरोबर माणूसही होता. म्हणून यशाचे सारे श्रेय एकट्या यंत्राला देता येणार नाही. चूक कोठे झाली हे यंत्र सांगू शकते. परंतु रडवेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवून "पुन्हा करून पाहू या" असे म्हणावयास माणूसच लागतो.

तेव्हा यंत्र हाती आले एवढ्याने विद्या येत नाही. साधन मुलाची पायरी ओळखीत नसेल आणि मूल स्वतः डोके चालवीत नसेल, तर तो पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचाच प्रकार होय. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून चित्रफीत उघडावी, ती पाहावी आणि 'आले मला' असे म्हणून मोकळे व्हावे, हा मोह कोणालाही होईल. पण पाहणे निराळे आणि येणे निराळे. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या संशोधकांनी प्रयोग करून दाखविले, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनंतर अधिक आठवतो. पण आठवडा लोटल्यावर ज्यांनी पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतलेली असते, त्यांनाच तो अधिक आठवतो. म्हणून चित्रफीत संपली की पडदा मिटावा, कागद घ्यावा आणि उदाहरण आपले आपण सोडवावे. चुकले तर चूक कोठे झाली ते शोधावे.

मुलांनो, बोलक्या पाटीचा एक गुण तुम्ही मात्र अवश्य उचला. तिच्यापुढे चुकण्याची कोणालाही लाज वाटत नाही. ती हसत नाही, रागावत नाही. चूक दाखविते आणि पुन्हा संधी देते. तुमच्या शेजारी बसलेल्या सोबत्याची चूक झाली, तर त्याला हसू नका. आणि उद्या गुरुजींनी किंवा बाईंनी "समजले का?" असे विचारले, आणि तुम्हांला समजले नसेल, तर निर्भयपणे हात वर करा व "नाही" म्हणा. तुमच्या त्या एका शब्दाची तुमचे शिक्षक वाट पाहत असतात.