वरून वारा, खालून खार

अमरावतीच्या पश्चिमेस भातकुली तहसिलीतून जसजसे पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरावे तसतशी काळी जमीन अधिक खोल व चिकण होत जाते, आणि विहिरीचे पाणी मात्र खारट लागते. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. आणि फाल्गुनातील तप्त, शुष्क वारा गव्हाचा घात कसा करतो, हे समजून घ्यावयाचे तर ते येथेच.

पानातून पाणी बाष्परूपाने सतत बाहेर पडते व त्या बाष्पाचा पातळ थर पानालगत रेंगाळून त्याचे रक्षण करतो. वारा तो थर हिरावून त्या जागी कोरडी हवा आणतो, आणि मुळांच्या पुरवठ्याहून पानांचा व्यय अधिक होऊ लागतो. तेव्हा रोप आपली पर्णरंध्रे मिटून घेते; पाणी वाचते, परंतु कर्बवायूचा प्रवेश खुंटून अन्ननिर्मिती मंदावते आणि बाष्पीभवनाचा गारवा नाहीसा होऊन पान अधिकच तापते. दाणा चिकात असताना हे घडले, तर पिष्ट साठविणारी विकरे शिथिल होतात, पीक अकाली पिकते आणि दाणा चिमतो. रशियाच्या गवताळ प्रदेशात अशाच वाऱ्याला ‘सुखोवेय’ म्हणतात. त्याला अडविण्यासाठी 1948 साली तेथे वृक्षपट्ट्यांची प्रचंड योजना आखली गेली.

भातकुलीच्या कास्तकाराचे दुःख दुहेरी आहे. जमिनीतील क्षार मुळांना पाणी सहजी ओढू देत नाहीत, सुकत्या काळ्या मातीच्या भेगा मुळे तोडतात, आणि विहिरीचे पाणी द्यावे तर खार वाढतो. शिवाय गारपिटीने झोडपलेले वावर पंचनाम्यास दाखविता येते. वाऱ्याने चोरलेले वजन मात्र खळ्यावर काट्यालाच कळते, तोवर ओंब्या डौलाने उभ्याच असतात. उष्म्याचा असा घात देशानेही पाहिला आहे. 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींतील देशाचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडील गहू ऐन दाणे भरताना होरपळला, आणि 13 मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबविली.

वारा थांबविणे आपल्या हाती नाही. त्याच्या आधी दाणा भरून घेणे काही अंशी आहे. कोरडवाहू गहू ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, ओल असतानाच पेरावा. बागायती पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापुढे लांबली, तर दर पंधरवड्यास हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पन्न घटते, असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. आणि या पट्ट्यात पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून त्यातले एक पाणी चिकातल्या दाण्यासाठी राखून ठेवावे, हे माझे भातकुलीच्या शेतकरी बांधवांस आग्रहाचे सांगणे आहे.