सोडलेल्या जागेचा जुना पत्ता

संगणकाच्या धंद्यात असलेल्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. ‘आमचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो, जरा बघतेस का?’ हा पहिला, आणि ‘तू दिवसभर ऑफिसात नेमके करतेस तरी काय?’ हा दुसरा. पहिल्यातून चहा पिता पिता सुटका होते. दुसऱ्याच्या उत्तरासाठी हा लेखनप्रपंच. कारण मध्यंतरी मी चार दिवस जे काम केले, ते बाहेरून पाहणाऱ्याला ‘दहा-बारा ओळी बदलल्या’ एवढेच दिसेल.

प्रोग्राममधल्या दोषाला आमच्यात ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. ग्रेस हॉपर या विदुषी ही हकीकत रंगवून सांगत. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनने १८७८ सालच्या पत्रात तो वापरलेला आहे. किडे शोधायला मदत करणारा जो प्रोग्राम, तो ‘डीबगर’. तो दुसऱ्या प्रोग्रामवर नजर ठेवतो, सांगू त्या ओळीवर त्याला थांबवतो आणि त्याच्या पोटात काय चालले आहे ते दाखवतो. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच म्हणा ना! रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला ‘जीडीबी’ हा त्यातला एक नामांकित. आमच्याकडचा डीबगर वेगळा, पण कूळ तेच. आणि आमचा स्टेथोस्कोपच आजारी पडला होता.

एक सहकारी क्वचित उद्भवणाऱ्या दोषाच्या मागावर दोन दिवस बसला होता. सावज टप्प्यात आले आणि नेमका डीबगरच कोसळला. जमवलेली सारी माहिती गेली. गंमत अशी, की तीच कृती माझ्या यंत्रावर केली तर सारे सुरळीत!

हे कसे, ते समजायला घरातली टेलिफोनची जुनी डायरी आठवा. कुणा अण्णांचा नंबर त्यात लिहिलेला असतो. अण्णा फोन परत करतात, पण डायरीतली नोंद कुणी खोडत नाही. पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. आपण फोन लावून ‘अण्णा आहेत का?’ विचारतो आणि पलीकडून अनोळखी आवाज येतो. माणूस निदान ‘राँग नंबर’ म्हणतो. संगणक तेवढेही म्हणत नाही. पलीकडून जे येईल त्याला तो अण्णांचेच बोलणे समजतो.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास घडवलेल्या ‘सी’ भाषेत स्मृतीतली जागा मागून घेणे आणि काम झाल्यावर परत करणे, दोन्ही प्रोग्राम लिहिणाऱ्याने पाहायचे. जागा परत केली, पण तिचा पत्ता कुठेतरी शिल्लक राहिला आणि नंतर वापरला गेला, तर त्या दोषाला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात.

आमच्या डीबगरमध्ये थांब्यांची एक साखळी होती. प्रत्येक थांब्यापाशी पुढच्याचा पत्ता. थांब्यावर पोहोचल्यावर करायची कामेही सांगता येतात आणि त्यात ‘हाच थांबा रद्द कर’ असेही काम असू शकते. डीबगर ते इमानाने करी, थांब्याची जागा परत देई आणि मग पुढचा पत्ता वाचायला त्याच सोडलेल्या जागेत डोकावे. बहुधा तिथे जुनाच मजकूर असे, म्हणून निभावून जाई. दरम्यान ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, की कपाळमोक्ष.

शोधाला ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ उपयोगी पडला. गूगलच्या अभियंत्यांनी २०१२ साली मांडलेले हे साधन सोडलेली जागा लगेच दुसऱ्याला देत नाही. काही काळ तिच्यावर पहारा ठेवते आणि कुणी हात लावताच जागा कोणी घेतली, कोणी सोडली, नंतर कोणी वापरली, याचा तिहेरी पंचनामा समोर ठेवते.

पहिला उपाय लगेच सुचला. काम करण्याआधीच पुढचा पत्ता टिपून ठेवावा. पण त्या कामाने पुढचाच थांबा रद्द केला तर? टिपलेला पत्ताही शिळा! म्हणून व्यवस्थाच बदलली. रद्द झालेल्या थांब्यावर फक्त ‘रद्द’ असा शिक्का मारायचा आणि साखळीची फेरी पूर्ण झाल्यावरच जागा परत द्यायची. शिवाय जुन्या डीबगरला हमखास पाडणारी एक चाचणी लिहिली. नवा डीबगर तीत उभा राहिला, तेव्हाच काम संपले म्हटले.

यात तुम्हा-आम्हाला काय, असे कुणी म्हणेल. पण सोडलेल्या जागेत मुद्दाम आपला मजकूर पेरून ठेवणारेही असतात. जानेवारी २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘ऑपरेशन ऑरोरा’त हल्लेखोरांनी ‘इंटरनेट एक्सप्लोरर’मधला याच जातीचा दोष वापरून गूगलसह अनेक कंपन्यांवर हल्ला चढवला. क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० साली सांगितले, की आपल्याकडच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या गैरहाताळणीचे आहेत आणि त्यांतले निम्मे ‘यूज आफ्टर फ्री’चे.

उपाय आहेत. ‘जावा’सारख्या भाषा सोडलेली जागा स्वतःच गोळा करतात. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेली ‘रस्ट’ तर असा शिळा पत्ता आढळला, तर सहसा प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. पण ‘सी’ आणि तिच्या भावंडांत लिहिलेल्या जुन्या ओळींचा डोंगर जगभर रोज राबतो आहे. तो एका रात्रीत नव्याने लिहिता येणार नाही. तोवर कुणीतरी बसून, जागा सोडताना तिचा पत्ता कुणाकुणाच्या डायरीत आहे, हे एकेक करून तपासायचे. मी दिवसभर करते, ते हेच.