औषधाला न जुमानणारे जंतू

दोस्तांनो, गळू झालं की कसं ठणकतं, ठाऊक आहे ना? हा प्रताप बहुधा ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ या जंतूंचा. सूक्ष्मदर्शकातून ते द्राक्षांच्या घडासारखे दिसतात! एरवी कितीतरी जणांच्या नाकात ते गुपचूप राहतात. कातडी खरचटली, की आत शिरतात.

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडलं, ते स्टॅफिलोकॉकस जंतूंच्याच बशीत. पण काही जंतूंकडे पेनिसिलिन मोडून टाकणारं रसायन निघालं. मग मेथिसिलिन आलं. तर १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही दाद न देणारे जंतू सापडले!

असं होतं कसं? औषधाने दुबळे जंतू मरतात, एखादा चिवट उरतो. मग त्याचीच पिलावळ वाढते. उगाच औषधं घेतली, तर या चिवटांना रान मोकळंच!

म्हणून गळू पिळू नका, हात साबणाने धुवा. दादाच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. डॉक्टर सांगतील तेच औषध, सांगतील तितकेच दिवस घ्या. नाहीतर खरी गरज पडेल तेव्हा गोळी हातात असेल, पण गुण येणार नाही!