आधी माणसे मोजावी

गतवर्षी दसऱ्याची सुटी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. हैदराबादेहून माझ्या भाच्याचे पत्र आले. आमच्या बहिणीचे सासर तीन पिढ्यांपासून हैदराबादेस स्थायिक आहे; तथापि घरात मराठी बोलली जाते आणि गावाकडच्या गोष्टींचे अप्रूप अद्याप ओसरलेले नाही. भाच्याने लिहिले होते : "मामा, तुमच्या ठाणाकुशनूरकडे रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे असे ऐकतो. दिवाळीत आम्ही तिघे मित्र येतो. एकाकडे परवान्याची दुनळी बंदूक आहे. आजोबांसारखी एक शिकार करू. बेत तुम्ही आखा."

पत्र वाचून हसू आले आणि थोडी भीतीही वाटली. मी नोकरीनिमित्त या गावी आलेला, मूळचा भालकीकडचा. येथील वर्ग मला ठाऊक. रान ठाऊक नव्हे. मुलखाची माहिती नसलेल्या मामाने मुलखाची माहिती नसलेल्या भाच्यासाठी शिकारीचा बेत आखावयाचा, असा तो प्रकार होता.

आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, हे तरुणपणी हौशी शिकारी होते. ते दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वीचे. त्यांची एक वही माझ्या ट्रंकेत आहे. ती काढली. वाटले होते, पहिल्या पानावर बंदुकीची, काडतुसांची टिपणे असतील. तसे काही नव्हते. अनोळखी गावी गेल्यावर कोणास भेटावे याची ती यादी होती : पाटील, मेंढपाळ, उसाला पाणी देणारा गडी, पाणवठ्याजवळ राहणारे कुटुंब. खाली दादांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती : "अनोळखी रानात आधी माणसे मोजावी, मग सावज."

पुढील पानांवर मात्र शिकारशास्त्र होते. डुकराची नजर बेताची, परंतु नाक अतिशय तीक्ष्ण; म्हणून वारा सावजाकडून आपल्याकडे येईल अशीच जागा धरावी. ओल्या मातीत दोन खुरांच्या मागे उपखुरांचे लहान ठसे उमटतात, ते पाहावे. चिखलात लोळण्याची जागा आणि अंग घासलेले झाड सापडले, की कळपाची वाट सापडली. कळप सोडून एकटा हिंडणारा नर सर्वांत धोक्याचा. जखमी झाला तर तो पळत नाही, मुसंडी मारतो. हाका घालताना हाकेवाल्यांच्या रांगेकडे नळी कधीही वळवू नये. आणि पानाच्या अखेरीस, दोनदा अधोरेखित केलेले : "खसखस ऐकून बार टाकू नये. डोळ्याने पाहावे, मगच."

डुकराच्या शिकारीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज घोड्यावर बसून भाल्याने रानडुकराची शिकार करीत. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांना तर या खेळाचे वेडच होते. बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १८८९ मध्ये याच विषयावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. परंतु ते घोडे गेले, ती मोकळी कुरणे गेली, आणि त्या काळचे नियमही गेले.

नियमांची चौकशी मी प्रथम केली. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवाने बंद झाले. रानडुक्कर हा संरक्षित प्राणी असून, २०२२ ची दुरुस्ती अमलात आल्यापासून त्याचे स्थान दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकास धोका झाला, तर कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. परंतु ती पाहुण्याच्या हौसेसाठी नव्हे. बिहारमधील काही जिल्ह्यांत २०१५ मध्ये व उत्तराखंडात २०१६ मध्ये केंद्र सरकारने रानडुकरास ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी जाहीर केले होते. त्याचा आपल्या भागाशी संबंध नव्हता. शिवाय बंदुकीचा परवाना ज्या क्षेत्रापुरता असेल, त्याबाहेर ती नेणे हाही गुन्हाच.

एवढे भाच्यास कळवून मला मोकळे होता आले असते. पण दादांची ती ओळ मनातून जाईना. बेत आखावयाचा नसला, तरी माणसे मोजून पाहावी असे वाटले. एका शनिवारी रात्री शाळेच्या शिपायास बरोबर घेऊन, हाती विजेरी घेऊन शिवारात निघालो.

दिवसा जे रान ओसाड वाटते, ते रात्री किती माणसांनी भरलेले असते! सोयाबीन निघून गेलेले, तूर फुलावर, उसाचे फड उभे, हरभरा नुकता उगवलेला. दर दोन-चार शेतांआड एक माळा. कोठे शेकोटी, कोठे पत्र्याचा डबा बडवण्याचा आवाज, कोठे कानडीत, कोठे मराठीत हाळी. काही जण तर माळ्यावर नव्हे, उसाच्या कडेला घोंगडे पांघरून जमिनीवरच निजलेले. मी अकरा जागा मोजल्या. शिपाई म्हणाला, "सर, हे एकाच अंगाचं झालं." या काळोखात एखाद्या नवख्याने खसखस ऐकून बार टाकला असता तर? अंगावर काटा आला.

बाराव्या माळ्यावर विजेरीचा झोत पडला, तेव्हा एक मुलगा धडपडत उठून उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, "नमस्कार सर."

तो आमच्या नववीचा विद्यार्थी. त्याच आठवड्यात पहिल्या तासाला पेंगला म्हणून मी त्यास तासभर उभा केला होता, आणि वर्गासमोर 'कुंभकर्ण' म्हटले होते. वर्ग हसला होता. तोही खाली मान घालून हसला होता. वडील उसतोडीला गेलेले, आई घरी लहान भावंडांपाशी. दोन एकरांची राखण याच्याकडे. मी विचारले, "मला सांगितले का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही, सर."

तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी इतके नेमके उत्तर दिलेले नाही.

भाच्यास मी सविस्तर पत्र लिहिले. बंदूक आणू नये; चांगल्या विजेऱ्या आणाव्या आणि जागण्याची तयारी ठेवावी. तिघेही आले. विकाराबाद-परळी मार्गावरच्या गाडीने कमलनगरला उतरले, तेव्हा चेहरे थोडे हिरमुसलेले होते. दोन रात्री ते त्या माळ्यावर बसले आणि तो मुलगा घरी निजला. दुसऱ्या रात्री कळप आला : माद्या, पिले आणि मागे एक थोराड नर. डबे वाजले, झोत पडले, कळप फुत्कारत फिरला. सकाळी भाचा म्हणाला, "मामा, अंधारात तो नर कोणीकडे गेला ते शेवटपर्यंत कळले नाही. बंदूक असती तर मी कोणीकडे झाडली असती?" मी उत्तर दिले नाही. त्यास ते मिळालेच होते.

डुकरे आठ दिवसांनी परत आली, हेही सांगितले पाहिजे. दोन रात्रींच्या जागलीने हा प्रश्न सुटत नाही. हताश होऊन कोणी कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतो. तो उपाय डुकरापेक्षा माणसाचा जीव आधी घेतो. त्यामानाने सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो. मात्र त्याचा खर्च चार शेतकऱ्यांनी मिळून केला तरच झेपतो. पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे भरपाई मागता येते. परंतु अर्ज कानडीत लिहावा लागतो, पहाणीपत्रक जोडावे लागते, आणि आमच्या कित्येक मराठी शेतकऱ्यांची लेखणी तेथेच अडते. म्हणून आता दर रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर मी व कानडीचे शिक्षक अर्ज लिहून देतो.

त्या मुलाची मी वर्गासमोर क्षमा मागितली. हंगामात पहिल्या तासाला कोणी पेंगला, तर उभे करण्यापूर्वी आता विचारतो : "रात्री राखणीला होतास काय?" हात वर होतात. परवा सात झाले. मी मोजतो.